चूकबाईंचा चौदावा धडा

शाळेत त्यांना चूकबाई म्हणत. तोंडावर ‘बाई’, पाठीमागे ‘चूकबाई’. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं कोणी समजू नये. एकतीस वर्षं सातवीला गणित शिकवलेल्या माणसापासून वर्गात काय लपून राहतं हो? उलट एखाद्या वर्षीच्या पोरांनी ते नाव टाकून दिलं असतं, तर बाईंनाच चैन पडलं नसतं.

नाव कसं पडलं ते ऐका. नोकरीचं पहिलं वर्ष. मधल्या सुट्टीनंतरचा तास, साठ मुलं, पोटं भरलेली, डोळे जड. बाईंना संशय आला की आपण भिंतीशी बोलतोय. म्हणून त्यांनी फळ्यावर मुद्दाम लिहिलं, सात आठे चोपन्न. वळून पाहिलं. एक हात वर नाही. साठच्या साठ माना खाली आणि साठच्या साठ वह्यांत चोपन्न! पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीने तर चोपन्न लिहून खाली पट्टीने रेघसुद्धा मारली होती. बाई घरी जाऊन रडल्या. राग मुलांचा नव्हता, स्वतःचाच होता. आपण काहीही लिहावं आणि लेकरांनी ते मुकाट उतरवून घ्यावं, हे कसलं शिकवणं?

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरल्या शिरल्या त्यांनी जाहीर केलं, “आजपासून रोज मी एक चूक करणार. एकच. कुठे करणार ते सांगणार नाही. पकडायची तुम्ही. आणि नाही पकडलीत, तर मी स्वतःहून अजिबात सुधारणार नाही. राहू दे मग तशीच तुमच्या वहीत.”

वर्ग खडबडून जागा झाला तो कायमचा. पोरं डोळ्यांत तेल घालून फळ्याकडे बघायला लागली. चूक दिसली रे दिसली की एकच गिल्ला, “बाई, चूक!” शेजारच्या वर्गातल्या शिक्षकांनी तक्रारी केल्या, दोन हेडमास्तरांनी समज दिली, एका पालकाने तर अर्ज केला की बाईंना गणित येत नाही. बाई बधल्या नाहीत. मात्र तो नियम ध्यानात असू द्या, की पकडली नाही तर सुधारायची नाही. पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

घरी वेगळीच गंमत. बाईंचे यजमान छापखान्यात प्रूफं तपासायचे. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेलं, त्यामुळे आळीत त्यांना ‘कानामात्रा’ म्हणत. आता निवृत्त झाले होते, पण हातातली पेन्सिल काही सुटली नव्हती. औषधाच्या बाटलीवरचा कागदही ते तपासून ठेवत.

“मी तीस वर्षं चुका काढल्या आणि तू तीस वर्षं चुका घातल्यास,” ते म्हणायचे. “म्हणजे जगाचा हिशेब जिथल्या तिथे.”

“अहो, मी घालते म्हणून तर तुमच्यासारखी काढणारी माणसं तयार होतात. उपकार माना,” असं बाई म्हणायच्या, आणि चहाचा कप त्यांच्या पुढ्यात ठेवायच्या. दोघांचं बरं चाललं होतं. मुलगी लग्न होऊन सुखात होती, घरात दोन खोल्या, गॅलरीत चार कुंड्या, बाईंची सकाळची शाळा, दुपारी दोनला घरी. आणखी काय हवं?

शाळेत यंत्रं आली ती बाईंच्या डोळ्यांदेखत. आधी एक टीव्ही आला. तो हेडमास्तरांच्या खोलीत कपाटावर बसला आणि तिथेच म्हातारा झाला. मग दहा कॉम्प्युटर आले. त्यांना वेगळी खोली, खोलीला कुलूप, प्रत्येकाला फुलाफुलांचं आच्छादन, आणि किल्ली कोणाकडे ते देव जाणे. मुलं खिडकीच्या काचेला नाक लावून कॉम्प्युटर शिकायची. मग हजेरी मोबाईलवर आली, आणि ज्या दिवशी रेंज नसे त्या दिवशी खात्याच्या लेखी अख्खी शाळा गैरहजर. मग टॅब आले, फळ्याशेजारी फळ्याएवढा पडदा आला, आणि शेवटी आलं शिक्षण खात्याचं पोर्टल. राज्यभरच्या शाळांसाठी प्रत्येक इयत्तेचा धडा चित्रित करून त्यावर ठेवायचा, म्हणजे जिथे शिक्षक नाही तिथेही धडा पोचेल. स्टाफरूममध्ये बरेच जण कुरकुरले. बाईंना मात्र मनापासून आवडलं. गणिताला कोणीच नसण्यापेक्षा पडद्यावर का होईना, कोणीतरी असलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं.

आणि नशीब बघा, सातवीच्या गणितासाठी निवड झाली ती बाईंचीच. पोर्टलचं काम पाहणाऱ्या मॅडम वर्गात येऊन बसल्या, तास पाहिला आणि जाताना म्हणाल्या, “वीस धडे करू या. फक्त एक, तुमचं ते चुकीचं प्रकरण नको. सगळं राज्य बघणार आहे.”

“नाही करणार,” बाईंनी कबूल केलं. अगदी मनापासून.

चित्रीकरण सुट्टीत, खात्याच्या इमारतीतल्या एका कोठीच्या खोलीत. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या टांगलेल्या, खिडक्या बंद, आणि पंख्याची घरघर माइकमध्ये येते म्हणून पंखाही बंद. समोर कॅमेरा, कॅमेऱ्यामागे घामाघूम झालेला कॅमेरावाला. बस, एवढाच वर्ग. बाई प्रश्न विचारायच्या आणि सवयीने उत्तराची वाट बघत उभ्या राहायच्या. कॅमेरावाला बिचारा हाताने ‘पुढे, पुढे’ करायचा.

“बाई, तुम्ही मध्ये गप्प का होता?”

“मुलांना विचार करायला वेळ नको?”

“इथे कुठे मुलं आहेत? आणि गप्प झालात की बघणारे दुसरीकडे पळतात. मी ते सगळं कापून टाकतो, काळजी करू नका.”

तेरा धडे बाईंनी स्वतःला आवरलं. हात शिवशिवायचा, पण आवरलं. चौदावा धडा समीकरणांचा. आणि तिथे आलं त्यांचं वर्षानुवर्षांचं लाडकं उदाहरण, तीन क्ष अधिक सहा बरोबर एकवीस. लाडकं का, तर त्यात चूक झकास लपते. सहा पलीकडे नेताना अधिकाचे वजा व्हायला हवेत. एकवीसातून सहा गेले, पंधरा राहिले, क्ष आला पाच. पण अधिकाचे अधिकच ठेवले तर होतात सत्तावीस, आणि क्ष येतो नऊ. दोन्ही उत्तरं पूर्ण, गुळगुळीत. ताळा केल्याशिवाय चोर सापडत नाही. बाई बोलण्याच्या भरात होत्या, खोलीत जीव घुसमटत होता, डोळ्यांपुढे त्यांचा स्वतःचा वर्ग दिसत होता, आणि हाताने एकतीस वर्षांचं काम आपसूक केलं. क्ष बरोबर नऊ.

“करा बरं ताळा,” असं म्हणून त्या कॅमेऱ्याकडे बघत थांबल्या. कोणी ओरडलं नाही. ओरडणार कोण, गाद्या? कॅमेरावाल्याने हात हलवला. पकडली नाही तर सुधारायची नाही, हे अंगात इतकं मुरलेलं की बाई सरळ पुढच्या उदाहरणाकडे वळल्या, आणि संध्याकाळपर्यंत साफ विसरूनही गेल्या. कॅमेरावाल्याने थांबणं कापलं. दोन तज्ज्ञांनी धडा तपासून सही केली. त्यांनी तो दुप्पट वेगाने पळवून पाहिला असणार, अशी आमची खात्री आहे. धडा पोर्टलवर चढला.

शाळा सुरू झाली, दोन महिने गेले. एक दिवस बाईंचा घसा बसला. आवाजच फुटेना. वर्गाची समीकरणं आली होतीच, म्हणून त्यांनी पडद्यावर स्वतःचाच चौदावा धडा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा मागच्या बाकावर जाऊन बसल्या. पोरांना काय, उधाणच आलं. पडद्यावर बाई आणि पाठीमागेही बाई! थोडी खुसखुस झाली, मग सगळे गप्प झाले. बाई जरा सुखावूनच बघत होत्या. साडी बरी दिसत होती.

आणि एकाएकी पंचेचाळीस गळे एकदम फुटले, “बाई, चूक!”

सगळा वर्ग गर्रकन मागे वळला. टाळ्या, बाकांवर थापा. पडद्यावरसुद्धा बाईंनी आपल्यासाठी चूक घातली म्हणून पोरं नुसती हरखून गेली होती. बाई मात्र ताडकन उठून उभ्या राहिल्या. पडद्यावर क्ष बरोबर नऊ असं ठसठशीत दिसत होतं, आणि ते राज्यभर असंच दिसत होतं, दोन महिने.

त्या तडक हेडमास्तरांकडे गेल्या. बसक्या आवाजात सगळं सांगितलं. हेडमास्तर म्हणाले, “कोणाची तक्रार आली का?”

“नाही.”

“मग झालं तर! कशाला उगाच आपण होऊन सांगायचं?”

“साहेब, तक्रार आली नाही हेच तर वाईट आहे,” बाई म्हणाल्या. घसा बसला नसता तर अख्ख्या शाळेने ऐकलं असतं.

घरी आल्या त्या जेवल्या नाहीत. कानामात्रांनी सगळं ऐकून घेतलं. चेष्टा करायची वेळ नाही एवढं त्यांना कळत होतं.

“आम्ही शुद्धिपत्र लावायचो,” ते म्हणाले. “पुस्तकाच्या शेवटी एक चिठ्ठी. अमुक पानावर अमुकऐवजी तमुक वाचावे.”

“आणि ती वाचायचं कोण?”

“खरं सांगू? कोणीच नाही.”

“मग मला ते नको,” बाई म्हणाल्या. “ज्याच्या डोक्यात मी चुकीचं घातलंय ना, त्याच्याच डोक्यातून मला ते काढायचंय. बाकी खातं माझं काय करायचं ते करो.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई थेट मॅडमच्या पुढ्यात. मॅडमने कपाळाला हात लावला. मग कॉम्प्युटर उघडला. प्रत्येक धड्याखाली पाच प्रश्न असत. मुलांनी टॅबवर सोडवायचे, उत्तरं परस्पर खात्याकडे जात आणि गुण सत्र संपल्यावर कळत. चौदाव्या धड्याचा चौथा प्रश्न नेमका त्याच जातीचा. मॅडमने आकडे काढले आणि त्यांचा चेहरा खुलला.

“बाई, उगाच घाबरवलंत! एकसष्ट हजार मुलांनी सोडवलाय. तुमच्या चुकीच्या रीतीने सोडवणारी फक्त तेराशे चाळीस. दोन टक्क्यांच्या जरा वर. बाकीच्यांना शाळेतल्या शिक्षकांनी बरोबर सांगितलं असणार. हे तर उत्तम आहे!”

“दोन टक्के तुमचे,” बाई म्हणाल्या. “माझी तेराशे चाळीस पोरं आहेत.”

मॅडम काही वाईट नव्हत्या हो. धडा आजच उतरवते, पुन्हा चित्रित करू, कारण ‘तांत्रिक बिघाड’ असं लिहू, असं त्या म्हणाल्या. बाईंनी कारण स्वतःच्या हाताने लिहिलं: शिक्षिकेची चूक. आणि वर दोन गोष्टी मागितल्या. नव्या धड्यातलं माझं थांबणं कापायचं नाही, आणि ती तेराशे चाळीस मुलं कुठे आहेत ते मला हवं.

“मुलांची नावं नाही देता येणार. नियम आहे. शाळा सांगते फार तर.”

यादी ब्याण्णव शाळांची होती. कुठे पाच मुलं, कुठे चाळीस, शंभराच्या वर्गातली. एका शाळेपुढे मात्र लिहिलं होतं, एकोणीसपैकी एकोणीस. बाईंची नजर तिथे खिळली. सगळाच्या सगळा वर्ग!

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पहिला फोन त्याच शाळेला लावला. घसा आता बराच सुटला होता. फोन टेबलावर, स्पीकर सुरू, समोर कानामात्रा टॅब आणि पेन्सिल घेऊन बसलेले.

“नमस्कार. पोर्टलवर सातवीचं गणित शिकवते ना, ती मी बोलतेय.”

पलीकडून एका पुरुषाचा आवाज आला, “कोण? पडद्यावरच्या?” आणि फोन तोंडापासून लांब धरून तो ओरडला, “अरे पोरांनो, बाईंचा फोन! आपल्या बाई!”

ते गुरुजी होते. चार इयत्तांना मिळून एकटेच. भाषा शिकवायचे, इतिहास शिकवायचे. “गणित मला जेमतेम येतं, खोटं कशाला सांगू,” ते म्हणाले. “ते तुम्हीच शिकवता. तासाला मी पडदा लावतो आणि तुम्ही येता.”

आपल्या बाई म्हणाला हा माणूस! बाईंना आनंद झाला आणि त्याच क्षणी लाजेने मान खाली गेली. त्यांनी फोन सातवीच्या वर्गात न्यायला सांगितला.

“मुलांनो, चौदाव्या धड्यात मी चुकले,” त्यांनी सरळ सांगितलं. “सहा पलीकडे नेले तेव्हा वजा करायला हवे होते. क्ष पाच येतो, नऊ नाही. चूक माझी, तुमची नाही. तुमच्यापैकी ताळा कोणी केला होता का?”

कुजबुज. कोणीतरी कोणालातरी ढकललं असावं, बाक करकरला. मग एका मुलीचा बारीक आवाज आला.

“मी केला होता. नऊ घालून तेहतीस येत होते.”

“शाबास! मग?”

“मग पाच घालून बघितले. बरोबर एकवीस.”

“म्हणजे तुला येत होतं. मग खालच्या चौथ्या प्रश्नात काय लिहिलंस?”

“तुमच्यासारखंच लिहिलं.”

“अगं, पण का? बरोबर येत असताना?”

“तुम्ही सांगितलं होतं म्हणून.”

बाईंचे डोळे भरून आले. एवढी वर्षं ज्याच्या मागे त्या हात धुवून लागल्या, तेच त्यांनी स्वतः, लांबच्या एका वर्गात, या गुणी पोरीकडून करून घेतलं होतं. कानामात्रांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. त्यांनी नको म्हणून हात केला.

“गुरुजींना सांगायचंस ना, बाळा.”

“सांगितलं होतं. गुरुजी म्हणाले, पडद्यावर कसं चुकीचं असेल.”

पलीकडे गुरुजी खाकरले.

“मग मला तरी...” बाई म्हणाल्या, आणि आपण काय बोलतोय ते त्यांच्याच लक्षात आलं.

“तुम्हाला कसं सांगणार?” मुलगी म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात, नुसती माहिती देत होती. “तुम्ही थांबतच नाही.”

कापलं कॅमेरावाल्याने, मी थांबले होते गं, असं बाईंना सांगता आलं असतं. पण त्या पोरीला त्याचं काय?

“आता थांबलेय,” त्या म्हणाल्या. “बोल.”

आणि खरंच थांबल्या. अर्धं मिनिट गेलं, मिनिट गेलं. फोन कट झाला की काय म्हणून कानामात्रा हात पुढे करायला लागले, तर बाईंनी डोळ्यांनीच दटावलं. वर्गात वाट बघायची ती अशी.

“बाई,” शेवटी आवाज आला, “सोळाव्या धड्यात पण एक आहे.”

“सोळाव्यात? नाही गं. सोळाव्यात मी मुद्दाम काहीच घातलं नाही.”

“मुद्दाम नाही. खरीच चूक आहे.”

कानामात्रांनी घाईघाईने टॅबवर सोळावा धडा लावला. त्रिकोण. पडद्यावरच्या बाई छान हसून म्हणत होत्या, सत्तर, पन्नास आणि साठ. आणि त्यांच्याच हाताने तिसऱ्या कोनात लिहिलं होतं सत्तर. कानामात्रांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. हा धडा त्यांनी कौतुकाने तीन वेळा पाहिला होता, पेन्सिल हातात धरून.

“एकशे नव्वद होतात बाई,” मुलगी म्हणाली. “त्रिकोणात मावत नाहीत.”

“नाही मावत!” बाई इतक्या जोरात हसल्या की गॅलरीतून शेजारीण डोकावली. हसता हसता डोळे पुसत होत्या आणि पुसता पुसता पुन्हा हसत होत्या. “अगदी बरोबर पकडलंस! एकसष्ट हजार पोरांत आणि दोन तज्ज्ञांत तुलाच दिसलं! आणखी काही आहे का कोणाचं? सांगा, भिऊ नका.”

मग काय, बांधच फुटला. एकोणीसच्या एकोणीस एकदम बोलायला लागली. बाई, तिसऱ्या धड्यात तुम्ही आमच्याकडे न बघता उत्तर सांगून टाकलंत! बाई, सातव्यात तुम्ही फळ्यासमोरच उभ्या राहता, दिसतच नाही! बाई, अपूर्णांक फार भरभर झाले, ते परत घ्या! मध्येच गुरुजीही म्हणाले की त्यांचाही एक प्रश्न आहे, जमलं तर.

“अरे, एकेक जण, एकेक जण,” म्हणत बाईंनी कानामात्रांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली, जवळची वही ओढली आणि कोऱ्या पानावर एकचा आकडा घातला. “हं, तिसरा धडा कोण म्हणालं? सावकाश सांग, मी लिहून घेतेय.”